दातांत धरलेला दोरा

जाफराबाद,
ता. १४ ऑक्टोबर १९४५

सेवेशी, गोजरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोळ्यानंतर मिळालं. लढाई संपली तरी तुमचा पलटणीचा दवाखाना घरी यायचं सोडून जहाजात बसून आणखी पुढे निघाला, हे वाचून मी कागद दोनदा उलटासुलटा करून पाहिला. संपली म्हणजे संपली की नाही?

आता इकडचं. मामंजींचा घसा बसलाय असं मी मागे लिहिलं होतं. तो नुसता बसला नव्हता, आत गाठ होती. श्वास कोंडायला लागला तेव्हा धर्मराज भावजींनी त्यांना बैलगाडीत घालून जालन्याला नेलं, मीही गेले. माझी आई जिथे झाडलोट करायची आणि मी जिथे अक्षरं शिकले, त्याच दवाखान्यात. डॉक्टरांनी गळ्याला पुढून भोक पाडून नळी बसवली. जीव वाचला. पण आता श्वास त्या नळीतूनच येतो जातो, तोंडात वारा येतच नाही. ओठ हलतात, जीभ हलते, पण कुजबुजसुद्धा निघत नाही. ज्यांची भिक्षेची अलख ऐकून वेशीपासून कुत्री भुंकत यायची, ते आता भांडं आपटून मला बोलावतात. गाठ वाढतेच आहे. डॉक्टर म्हणाले, होळी दिसली तर नशीब.

ओठ पाहून मला त्यांचं बरंच कळतं. पाणी, चादर, विडी. हो, विडी अजून मागतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. भावजींना मात्र काही उमगत नाही. ते चिडतात, मग मामंजी चिडतात, आणि दोघांचा राग माझ्या डोक्यावर.

खरी काळजी मंतराची आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला मन मोकळं करायला दुसरं कोण आहे? आपल्या घराण्याचा मंतर बापानं मुलाच्या कानात सांगायचा, मुलानं तो बापाच्या कानाशी परत म्हणायचा. लिहायचा नाही. ओठांवरून वाचला तर ती चोरी. आणि ज्याच्या कानात मंतर नाही, त्यानं भिक्षेच्या किंगरीच्या तारेवर गज चालवायचा नाही. तुम्हाला त्यांनी दिला नाही, भावजींना द्यायचं आज उद्या करत राहिले. किंगरी दोन महिने खुंटीला आहे. पंच येऊन सांगून गेले: मंतर म्हाताऱ्याबरोबर गेला तर किंगरी पूर्णा नदीत सोडायची आणि भिक्षेची बावीस गावं दुसऱ्या घराला द्यायची. ते ऐकून मामंजी पोरासारखे रडले. रडण्यालाही आवाज नव्हता.

तुमची,
गोजर


सायगाव,
ता. २५ नोव्हेंबर १९४५

चि. सौ. गोजर हीस मच्छिंद्रचे अनेक आशीर्वाद.

गावाचं नाव लिहायला आता परवानगी मिळाली, म्हणून वर लिहिलं. तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तीन वर्षांपूर्वी भर जत्रेत मी किंगरी आबांच्या पुढ्यात टाकली आणि "भिकेचं लाकूड" म्हणालो. मी तसाच उठून पलटणीत गेलो. मनात होतं, परत जाईन तेव्हा पाय धरीन, तेही दोन शिव्या देतील आणि मिटेल. आता त्या शिव्या द्यायलाही त्यांच्या तोंडात वारा नाही.

पण गोजर, आता मी लिहितो ते नीट वाच. वेडा झालो असं समजू नकोस.

आमच्या दवाखान्यात लाकडं फोडायला सिऊ नावाचा माणूस आहे. इथून लांब डोंगरात जराई म्हणून लोक राहतात, त्यांच्यातला. लढाईत रस्ते तुटले आणि नवराबायको इथेच अडकले. बायको पट्ट्या नि चादरी धुते. दुपारी काम आटोपलं की सिऊ लाकडांच्या ढिगावर बसून एक काठी वाजवतो. काठीला एकच तार. खालचं टोक पायाच्या बोटांत धरतो. गज म्हणजे नुसती वेळूची कामटी, ना घोड्याचा केस, ना घुंगरू. भोपळा नाही, कातडं नाही. मला वाटलं, याचा आवाज निघणार कुठून? तर तारेला एक दोरा बांधलाय, दोऱ्याच्या टोकाला पातळ चकती, आणि ती चकती त्याच्या दातांत. तार थरथरली की दोरा थरथरतो आणि आवाज त्याच्या तोंडात घुमतो. त्याचं तोंडच भोपळा! आणि तोंड आतल्या आत बोलल्यासारखं हलवलं की तार शब्द बोलते. गळ्याचं काम नाही, श्वासाचं काम नाही.

मला आधी खरं वाटेना. मला नुसती कुईकुई ऐकू येत होती. पण पलीकडे दोरीवर चादर घालणारी त्याची बायको एकदम लाल झाली आणि ओला पिळा त्याच्या अंगावर फेकला. आमच्याकडे पाँडेचेरीचा एक कंपाउंडर आहे, त्यानं फ्रेंचमध्ये विचारलं, काय झालं? ती म्हणाली, मेला मला म्हातारी शेळी म्हणतो. आवारात पन्नास माणसं होती, कळलं तिला एकटीला. ती म्हणते, वाजवणाऱ्याचं बोलणं ज्याच्या अंगवळणी पडलंय, त्यालाच हे ऐकू येतं.

मागच्या पानावर चित्र काढलंय. हातभर वेळू घे. किंगरीची जुनी तार असेल. दोरा मेण लावलेला घे. चकतीसाठी करवंटी घासून कागदासारखी पातळ कर. कामटीला राळ लाव. मंतर कानात पडायला हवा एवढीच आपली रीत आहे ना? तो गळ्यातूनच यावा असं कुणी सांगितलंय?

तुझा,
मच्छिंद्र


जाफराबाद,
ता. ६ जानेवारी १९४६

सेवेशी, गोजरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं चित्र पाहून भावजी म्हणाले, "हे कापूस पिंजायचं हाये का काय?" पण केलं त्यांनी. तीन चकत्या मोडल्या, चौथी टिकली. मामंजींनी काठी हातात घेतली, उलटी केली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांची चेष्टा करतेय. मग म्हटलं, तुमच्या थोरल्यानं पाठवलंय. तेव्हा चकती दातांत धरली.

आठ दिवस नुसतं चिलटांचं लग्न. शेजारच्या झुंबरबाईनं विचारलं, "गोजर, कुत्र्याचं पिल्लू कोंडलं काय गं घरात?" नवव्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि मागून काठी बोलली, "मीठ." मी तशीच पिठाच्या हातानं उठले. त्यांनी पुन्हा वाजवलं, "मीठ न्हाई." कित्येक महिन्यांनी सासऱ्याचा शब्द घरात उमटला तो माझ्या भाजीला नावं ठेवायला! मी रडले आणि हसले, आणि मीठही वाढलं.

आता ते दिवसभर बोलतात. माणूस गप्प असताना बरा होता असं म्हणायची वेळ आलीय. पण एक अडचण आहे. कळतं ते मलाच. भावजी कान लावून बसतात, मामंजी घामाघूम होईपर्यंत वाजवतात, आणि भावजी म्हणतात, "आबा, डास चावून राह्यले म्हणता काय?" दर सोमवारी न्हाऊन, भस्म लावून मामंजी त्यांना मंतर द्यायला बसतात. त्या वेळी मी अंगणाच्या पार टोकाला जाते, रीत आहे म्हणून. तीन सोमवार झाले. भावजी कपाळाला हात लावून बाहेर येतात.

तुमची,
गोजर


सायगाव,
ता. २८ जानेवारी १९४६

चि. सौ. गोजर हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सिऊला आणि त्याच्या बायकोला वाचून दाखवलं. कंपाउंडरनं अर्धंमुर्धं समजावलं. "मीठ" ऐकून बाई एवढी हसली की तिची बादली कलंडली.

आता माझं ऐक. आबांना सांग, घाई करू नका. धर्मराजला ऐकू येत नाही तर सोमवारमागून सोमवार कशाला घालवता? मला ऐकू येईल. मी रोज सिऊजवळ बसतो, कान तयार करतोय. आमची निघायची बातमी आहे, महिन्याभरात जहाज मिळेल. इथे मी किती तोंडं पाहिली गोजर, ज्यांना शेवटी काहीतरी सांगायचं होतं आणि ऐकणारं त्यांच्या भाषेचं कुणी नव्हतं. मी त्यांचे हात धरून "हां, हां" म्हणत राहिलो. मला आता ही नोकरी नको, पेन्शन नको. आबांनी एकदा माझ्या कानाशी तोंड आणावं एवढंच हवंय. मंतर दिला म्हणजे माफ केलं, असं मी समजेन. माझं नाव कधी वाजवलं का त्यांनी? खरं सांग.

तुझा,
मच्छिंद्र


जाफराबाद,
ता. २४ फेब्रुवारी १९४६

सेवेशी, गोजरचा शिरसाष्टांग नमस्कार.

मन घट्ट करून वाचा. मामंजी गेले. गेल्या सोमवारी, सूर्य कलता कलता. बसवून समाधी दिली, भावजींनी सगळं रीतीनं केलं.

पण त्याआधी रविवारी जे झालं ते मला सांगायलाच हवं. माझ्या हातून काय झालं ते तुम्हीच ठरवा.

भावजी सकाळभर कान देऊन बसले आणि वैतागून, "मला न्हाई जमत, आबा," म्हणून बाहेर गेले होते. मी आत आले तेव्हा मामंजी वाजवतच होते. मला वाटलं, काहीतरी मागतायत. रोजचीच आमची रीत होती ती. ते वाजवणार, मी वाकून ऐकणार, आणि जे ऐकलं ते त्यांच्या कानाशी म्हणून विचारणार, "हे पाहिजे का?" ते मान हलवणार. तसंच केलं. शब्द साधेच होते, पण त्यांचा एकमेकांशी मेळ मला लागेना. मी तीनदा ऐकलं. मग त्यांच्या कानाशी वाकून ते सगळे एका दमात म्हटले आणि विचारलं, "हे काय मागता, मामंजी?"

त्यांनी काठी बाजूला ठेवली. धुनीतलं भस्म चिमटीत घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तेव्हा मला कळलं की मी काय ऐकलं आणि काय म्हणून बसले. पाणी द्यायला गेलेली बाई मी, आणि दीक्षा घेऊन उठले.

मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि निजले. आणखी काही बोलले नाहीत.

भावजींना मी त्याच रात्री सांगितलं. त्यांनी पंचांना सांगितलं. सगळ्या बिऱ्हाडांत आता तेच चाललंय. कुणी म्हणतं बाटलं, कुणी म्हणतं वाचलं. पाडव्याला पंच बसणार आहेत.

तुमची,
गोजर


देवळाली छावणी,
ता. १२ मार्च १९४६

चि. सौ. गोजर हीस अनेक आशीर्वाद.

मुंबईला उतरल्यावर तुझं पत्र हातात पडलं. बंदरावर, माणसांच्या गर्दीत, मी खाली बसलो. जहाज महिनाभर आधी सुटतं तर आबा भेटते.

पण रडून झाल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि अंगावर काटा आला. मंतर जिवंत आहे! तुझ्याजवळ आहे. आपल्या घरात आहे. गोजर, तुझे उपकार कसे फेडू? पंच काय म्हणायचं ते म्हणोत, आबांनी आपल्या हातानं भस्म लावलंय. एक तारखेला, सोमवारी, मी सुटतो. घरी आलो की पहिलं काम, तू माझ्या कानात सांग. पाडव्याला पंचांसमोर मी किंगरी वाजवीन. आबांची अलख मी देईन. जहाजात मी तीच घोकत होतो.

धर्मराजला सांग, किंगरीच्या गजाला नवीन केस बांधून ठेव.

तुझा,
मच्छिंद्र


जाफराबाद,
ता. १७ मार्च १९४६

सेवेशी, गोजरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी चूल विझवली आणि बसून राहिले. एवढे दवाखाने पाहिलेत, एवढे मुलूख पाहिलेत, आणि घरची रीत विसरलात? की आठवत होती आणि लिहायची टाळलीत?

कानात मंतर देणारी ती गुरुमाय. ज्यानं घेतला तो तिचा लेक. तिच्या पाया पडायचं, तिच्या हातचा प्रसाद घ्यायचा, पण तिच्याशी संसार करायचा नाही. मी विचारून आले. नेवपूरच्या थोरल्या पंचांकडे स्वतः गेले, भावजी बरोबर होते. ते म्हणाले, "बाई, मंतर तुझ्याजवळ आला, तो आम्ही मानला. म्हाताऱ्याचा हात खोटा म्हणता येत न्हाई. पन ज्याच्या कानात सांगशील, त्याची तू आई. मंग तो कोनीबी असो." मी विचारलं, नवरा असला तर? ते म्हणाले, "मंग तो नवरा न्हाई." माझ्या गळ्यातल्या मण्यांचं काय करायचं ते त्यांनाही सांगता येईना. नवरा जिवंत असताना काढायचे कसे, आणि लेक समोर बसलेला असताना घालायचे कसे?

मी तेवीस वर्षांची आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातली तीन तुमची वाट पाहण्यात गेली. मला मूल हवंय, तीस वर्षांचा लेक नकोय.

वाट एकच आहे आणि ती वाईट नाही. भावजींना देते. दीर म्हणजे तसाही लेकासारखाच. किंगरी घरात राहील, गावं घरात राहतील. तुम्ही शेतमजुरी करा, जालन्याला दवाखान्यात चिकटा, काहीही करा. फक्त गज हातात धरता येणार नाही. मला माहीत आहे, हे थोडं नाही. पण मी काय मागतेय तेही पहा.

तुमचीच,
गोजर


देवळाली छावणी,
ता. २२ मार्च १९४६

चि. सौ. गोजर हीस अनेक आशीर्वाद.

उगाच मनाला लावून घेतेस. रीत मला आठवत होती. पण रीत म्हणजे शेवटी पंचांचं तोंड. तूच मला अक्षरं शिकवलीस, तेव्हा मी तुला चेष्टेनं गुरुबाई म्हणायचो. म्हणून तू काय माझी आई झालीस?

धर्मराजला देऊ नको. त्याच्यावर माझा राग नाही, पण आबांचा शब्द त्याला कुईकुई वाटला. बाप जीव तोडून बोलतोय आणि त्याला डास ऐकू येतात. असल्या कानात घराणं घालायचं?

मी शांतपणे विचार केलाय. तू कुठे जाणार आहेस? याच घरात राहशील. सगळ्यांत मान तुझा राहील, माझ्यासकट सगळे पाया पडतील. नाव तेवढं बदलेल. बायका नवऱ्याशिवाय राहतातच, तूही तीन वर्षं राहिलीस. मी दुसरं लग्न करणार नाही, हवी तर शपथ घेतो. मूल नसलं तर नसलं, मंतर तर राहील. मी त्यांच्या किंगरीला भर जत्रेत भिकेचं लाकूड म्हणालो, गोजर. ते माझ्या कानातून जात नाही. ते फक्त मंतरानं जाईल. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
मच्छिंद्र


जाफराबाद,
ता. २७ मार्च १९४६

तुमचं पत्र मिळालं. "नाव तेवढं बदलेल" हे वाक्य मी झुंबरबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाप्याला मंग काय, ताटात भाकरी पडल्याशी मतलब." मला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

मला तुमचा राग आलाय आणि तुमची कीवही येतेय. दोन्ही खरं आहे. तीन वर्षं राहिलीस, म्हणता. मी राहिले नव्हते, वाट पाहत होते. त्यात फरक आहे हे तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं. भावजींच्या कानाला नावं ठेवता, पण ते कान रोज त्या काठीशी होते. तुमचे समुद्रापलीकडे होते.

आता मी दडवलेलं सांगते. तुम्ही विचारलं होतं, आबांनी माझं नाव वाजवलं का? मी लिहिलं, ते निजले, आणखी काही बोलले नाहीत. ते खोटं होतं. भस्म लावल्यावर त्यांनी पुन्हा काठी उचलली आणि वाजवलं, "मच्छ्या आला की दे." दोनदा वाजवलं. म्हणजे तुम्हाला त्यांनी माफ केलं होतं. मंतर घ्यायच्या आधीच केलं होतं. तुमच्या कानातलं जायला मंतर लागणार नाही, एवढं जाणून घ्या. सुनेच्या संसाराचं काय होईल हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण मरणाऱ्याला घराण्याची चिंता, सुनेची कुठून असणार? मी हे तुमच्यापासून लपवलं, कारण ते वाचून तुम्ही काय निवडाल याची मला भीती वाटली. तुम्ही न वाचताच तेच निवडलंत. मग आता लपवून काय करू?

भावजींना मी अजून मंतर दिलेला नाही. देणार होते, गेल्या सोमवारी बसायचंही ठरलं होतं. पण तुमच्या बापाचा निरोप माझ्याजवळ होता आणि तो गिळून दुसऱ्याच्या कानाशी वाकणं मला जमलं नाही. कागदावर माणूस काहीही लिहितो. मीही लिहिलंच की. म्हणून तुमचं पत्र मी शेवटचं धरत नाही.

तुम्ही सोमवारी जालन्याला उतराल. भावजी गाडी घेऊन येतील, मी येणार नाही. मंगळवारी दारात याल तेव्हा मला आतून तुमचं तोंड दिसणार नाही, फक्त हाक ऐकू येईल. भिक्षेकऱ्याची अलख आली तर मी भस्म घेऊन उठेन, तुम्हाला समोर बसवून कानात मंतर सांगेन, एक अक्षर गाळणार नाही. त्याच दिवशी मणी काढून तुमच्या आईच्या डब्यात ठेवेन आणि पुन्हा कधी रडणार नाही. तुम्ही मला नावानं हाक मारलीत, तर बुधवारी पाडव्याला भावजींच्या कानात मंतर जाईल, तुम्ही जन्मात किंगरीला हात लावणार नाही, आणि त्याचं दुःख मी तुमच्याबरोबर जन्मभर करीन.

मी दोन्हीची तयारी करून बसले आहे. धुनी पेटती ठेवलीय, पीठ मळून ठेवेन.

या पत्राला वर नमस्कार घातला नाही, आणि आशीर्वादही दिला नाही. कुठला घालायचा ते मंगळवारपर्यंत मला माहीत नाही.

गोजर